सहा ताऱ्यांची सुगरण



आज आपण जेवणाबद्दल बोलणार आहोत, पण मी पाककृती सांगायला आलेली नाही. लोक घराबाहेर पैसे मोजून जेवतात. ते जेवण चांगलं की वाईट हे कोण ठरवतं? कशावरून ठरवतं? आणि ठरवल्यावर त्याची नोंद कुणाच्या नावावर राहते? या तीन प्रश्नांचा हा इतिहास आहे. तो घडला फ्रान्स देशातल्या ल्यों या शहरात, शंभरेक वर्षांपूर्वी. त्यातली मुख्य बाई आहे एका शेतकरी घरातली मुलगी. तिचं नाव युजेनी ब्राझिए.

आधी ते गाव कसं आहे ते बघू. रोन आणि सोन या दोन नद्यांच्या संगमावर ल्यों वसलेलं आहे. उत्तरेला बोजोले नावाचा डोंगराळ मुलूख आहे, तिथे द्राक्षं होतात आणि त्यांची लाल वाइन बनते. ईशान्येला ब्रेस, तिथली कोंबडी साऱ्या फ्रान्समध्ये नावाजलेली. जवळच तळ्यांचा प्रदेश आहे, तिथून मासे यायचे. पश्चिमेकडे गुरांची कुरणं आहेत. चारी बाजूंचा माल बाजारात येऊन पडायचा.

हे शहर रेशमाचं होतं. हजारो विणकर इथे मागावर बसायचे. पगार थोडा आणि काम पहाटेपासून. भूक लागली की ते गल्लीतल्या छोट्या खाणावळीत जायचे. अशा खाणावळीला तिथे 'बुशों' म्हणतात. चांगलं मांस श्रीमंतांच्या घरी जायचं आणि खाटकाकडे उरायची ती वजडी, आतडी, पाय, मुंडी. त्याचंच कालवण, त्याचीच भाजी. आपल्याकडे वजडी आणि पाया खाणाऱ्यांना हे वेगळं सांगायला नको. चक्क्यासारख्या ताज्या चीजमध्ये लसूण, कांद्याची पात, मीठ-मिरी घालून एक पदार्थ करतात, त्याचं तिथलं नाव आहे 'विणकराचा मेंदू'. गरिबांच्या ताटावरची ही थट्टाच म्हणायची, पण आज ल्योंला जाणारा पाहुणा तोच पदार्थ मागून खातो.

या शहरात बायकांनी चालवलेल्या खाणावळींची एक परंपरा होती. त्या बायकांना लोक 'मेर' म्हणत. मेर म्हणजे आई. आपल्याकडे खाणावळवाल्या बाईला मावशी म्हणतात, तसंच. १७५९ साली रोन नदीच्या काठी मेर गी नावाच्या बाईची खाणावळ होती, तिथलं वाम माशाचं कालवण प्रसिद्ध होतं. पुढे अशा बायका वाढत गेल्या. त्यातल्या पुष्कळ जणी खेड्यांतून आलेल्या, शहरातल्या श्रीमंत घरांत स्वयंपाकीण म्हणून राबलेल्या. पहिल्या महायुद्धाच्या सुमारास अनेक श्रीमंत घरांची ऐपत घटली आणि नोकर कमी झाले. हातात कला होती, नोकरी नव्हती. मग या बायकांनी स्वतःच्या खाणावळी काढल्या.

त्यांची पद्धत साधी होती. पदार्थांची यादी लांबलचक नसायची. चार-पाचच पदार्थ, पण तेच रोज आणि तसेच रोज.

त्या पिढीतली सगळ्यात गाजलेली बाई मेर फिलियू. ती १८६५ साली एका खेड्यात जन्मली. तिच्या स्वयंपाकघरात सगळ्या बायकाच काम करायच्या. तिचा मुख्य पदार्थ कोंबडीचा होता. धष्टपुष्ट कोवळी कोंबडी घ्यायची. जमिनीखाली वाढणारी एक काळी, वासाची, फार महाग अळंबी असते, तिला ट्रफल म्हणतात. तिच्या पातळ चकत्या कोंबडीच्या कातडीखाली सरकवायच्या आणि कोंबडी भाज्यांच्या रश्श्यात मंद शिजवायची. शिजल्यावर पांढऱ्या कातडीखालून काळे गोल दिसतात. पदार्थाचं नाव 'अर्ध्या सुतकाची कोंबडी'. तिथे माणूस गेलं की घरातली बाई आधी पूर्ण काळे कपडे घालायची, मग काही काळाने काळ्यात पांढरं मिसळायची. त्यावरून हे नाव आलं. मेर फिलियू स्वतः प्रत्येक टेबलापाशी जाऊन छोट्याशा सुरीने कोंबडी कापून वाढायची.

तिच्याच हाताखाली युजेनी ब्राझिए शिकली.

युजेनीचा जन्म १२ जून १८९५ चा. ब्रेसच्या मुलखातलं एक लहानसं खेडं. पाच वर्षांची असताना ती डुकरं राखायची. शाळा फक्त हिवाळ्यात, शेतात काम नसेल तेव्हा. दहा वर्षांची असताना आई गेली आणि मग ती दुसऱ्यांच्या शेतांवर राबू लागली. एकोणिसाव्या वर्षी लग्नाआधीच तिला दिवस गेले. बापाने घराबाहेर काढलं. मुलगा झाला, त्याचं नाव गास्तों. पोटासाठी ती ल्यों शहरात एका श्रीमंत कुटुंबात कामाला लागली. आधी मुलं सांभाळायची आणि नंतर तिथेच स्वयंपाक करू लागली. नवऱ्याचं नाव पाठीशी नाही, बापाचं घर नाही, शाळा नावापुरती. पुढे काय झालं ते ऐकताना ही सुरुवात लक्षात ठेवा.

१९२१ साली रू रोयाल नावाच्या रस्त्यावर, १२ नंबरच्या घरात, किराणा दुकानाच्या जागी तिने स्वतःची छोटी खाणावळ उघडली. पंधराएक माणसं बसतील एवढीच जागा होती. मेर फिलियूकडे शिकलेली अर्ध्या सुतकाची कोंबडी होती, माशाचे मऊ गोळे होते, भाज्या होत्या. मालाच्या बाबतीत ती कुणाचं ऐकायची नाही. लोणी, कोंबडी, मासळी स्वतः बघून घेणार आणि पसंत पडली नाही तर परत पाठवणार. स्वच्छतेचा तिला कमालीचा सोस होता. आणि ताटातलं काही वाया जाऊ द्यायची नाही.

तिची कोंबडी ब्रेसचीच, म्हणजे तिच्या माहेरच्या मुलखातली. ही कोंबडी ओळखायला सोपी: पिसं पांढरी, तुरा लाल, पाय निळसर. फ्रान्सच्या झेंड्याचे तीन रंग. तिला मोकळ्या गवतात फिरवतात, मका आणि दूध खायला घालतात. आज नियम असा आहे की एका कोंबडीमागे किमान १० चौरस मीटर गवताची जागा हवी. त्या भागातल्या बूर गावात १८६२ पासून कोंबड्यांच्या स्पर्धा भरतात. १९५७ साली कायदाच झाला की ठरलेल्या मुलखात, ठरलेल्या रीतीने वाढवलेल्या कोंबडीलाच ब्रेसची कोंबडी म्हणायचं. कोंबड्या पाळणं हे तिथेही शेतावरच्या बायकांचंच काम असायचं. म्हणजे त्या ताटातली अर्धी चव खाणावळीत यायच्या आधीच कुणा बाईने अंगणात तयार केलेली होती.

आता चव ठरवणाऱ्यांकडे वळू. याची गोष्ट मोठी गमतीची आहे, कारण ती टायरपासून सुरू होते.

आंद्रे आणि एदुआर मिशेलिन हे दोन भाऊ मोटारीचे टायर बनवायचे. १९०० साली साऱ्या फ्रान्समध्ये तीन हजारांपेक्षाही कमी मोटारी होत्या. मोटारी फिरल्याशिवाय टायर झिजणार नाहीत आणि झिजल्याशिवाय नवे खपणार नाहीत. म्हणून त्यांनी एक छोटं पुस्तक काढलं. गाडी कुठे दुरुस्त होईल, पेट्रोल कुठे मिळेल, मुक्काम कुठे करावा, याची माहिती त्यात होती. पहिल्याच वर्षी ३५ हजार प्रती फुकट वाटल्या. १९२० पासून पुस्तकाला किंमत लावली.

पुढे लोक विचारू लागले, जेवायचं कुठे? १९२६ पासून त्या पुस्तकात चांगल्या खाणावळीपुढे एक तारा छापायला सुरुवात झाली. १९३१ पासून दोन आणि तीन तारे आले. एक तारा म्हणजे वाटेत असेल तर जरूर थांबा. दोन तारे म्हणजे वाट वाकडी करून जा. तीन तारे म्हणजे केवळ या जेवणासाठी घरातून निघा.

तपासणीची रीत अशी होती की कंपनीचा माणूस नाव न सांगता येणार, साध्या गिऱ्हाइकासारखा बसणार, जेवणार, स्वतः बिल भरणार आणि निघून जाणार. पुन्हा कधी येईल याचा पत्ता नाही. त्यामुळे साहेब आलाय म्हणून खास वाढायची सोय राहिली नाही. माल कसा आहे, शिजवण्यावर हात किती बसलाय, चवींचा मेळ जमलाय का आणि आज जसं होतं तसंच पुढच्या वेळीही मिळतं का, हे बघायचं. शेवटची अट सगळ्यात अवघड. एक दिवस सुंदर स्वयंपाक अनेक जणी करतील. वर्षभर, दोन्ही वेळा, तसाच करणं ही वेगळी गोष्ट आहे.

त्याच काळात दुसरा एक बदल झाला. तोवर फ्रान्समध्ये उंची जेवण म्हणजे पॅरिसच्या बड्या हॉटेलांतलं, पुरुष आचाऱ्यांनी केलेलं, अशीच समजूत होती. क्यूर्नोन्स्की या टोपणनावाने लिहिणाऱ्या एका लेखकाने ती मोडायचं ठरवलं. १९२१ पासून तो आणि त्याचा मित्र मार्सेल रूफ यांनी फ्रान्सचा एकेक मुलूख हिंडून तिथल्या खाणावळींवर पुस्तकांची मालिकाच काढली. वस्तूला तिची स्वतःची चव असावी, उगाच मसाल्या-सॉसांनी झाकू नये, असं त्याचं म्हणणं. १९२७ साली लोकांनी मतं देऊन त्याला खवय्यांचा राजकुमार म्हणून निवडलं. पुढे त्यानेच ल्यों शहराला खाद्यकलेची राजधानी म्हटलं. ही राजधानी उभी केली होती गावाकडून आलेल्या मेर मंडळींनी.

या जेवणाबरोबर वाइन असायची, म्हणून तिच्याबद्दलही थोडं बोलू. तुमच्यापैकी काहींनी आपल्या गावात बाटली आडवी करण्यासाठी मतदान केलं असेल. दारूने घर कसं मोडतं हे तुम्हाला मी सांगायची गरज नाही, आणि हे बोलणं वाइनची शिफारस म्हणून ऐकू नका. पारख कशी करतात, एवढ्यापुरतंच ते आहे. वाइन पारखणारा आधी पेला उजेडात धरून रंग बघतो. मग वास घेतो. मग एक घोट तोंडात घोळवतो आणि आंबटपणा, गोडवा, तुरटपणा यांचा तोल बघतो. बाटलीवरचं नाव वाचून मत बनू नये म्हणून पुष्कळदा बाटलीला फडकं गुंडाळतात.

नाव आणि मोठेपण बघून निवाडा केला की काय होतं, याचं उदाहरण तिथल्याच द्राक्षाचं आहे. बोजोलेच्या वाइनचं द्राक्ष गामे जातीचं. १३९५ साली शेजारच्या बरगंडीच्या सरदाराने हे द्राक्ष हलकं म्हणून आपल्या मुलखातून उपटून टाकायचा हुकूम काढला. पण दक्षिणेकडच्या बोजोलेच्या खडकाळ जमिनीत ते छान रुजलं आणि ल्योंच्या खाणावळींतून तीच वाइन वाढली जाऊ लागली. जाड बुडाच्या, अर्ध्या लिटरपेक्षा जरा कमी मापाच्या बाटलीतून. हुकूम देणाऱ्याने जमीन बदलून बघितली नव्हती.

आता १९३३ सालाकडे येऊ.

युजेनी ब्राझिएने १९२० च्या दशकाच्या अखेरीस शहराबाहेरच्या डोंगरात, ल्युएरच्या खिंडीत, एक लाकडी घर घेतलं होतं. सुरुवातीला तिथे वीज नव्हती आणि गॅसही नव्हता. तिथेही तिने खाणावळ सुरू केली. उरलंसुरलं अन्न खाऊन वाढणारी डुकरं तिथे तिने पाळली. लहानपणीचं काम पुन्हा, पण आता मालकीण म्हणून. १९३३ साली मिशेलिनच्या पुस्तकाने तिच्या शहरातल्या खाणावळीला तीन तारे दिले आणि डोंगरावरच्या खाणावळीलाही तीन दिले. एका माणसाच्या नावावर सहा तारे. बाई असो की पुरुष, हे आधी कुणालाच जमलं नव्हतं. त्याच वर्षी जवळच्या प्रिए गावातल्या मारी बुर्ज्वा या आणखी एका मेरलाही तीन तारे मिळाले. तीन तारे मिळवणाऱ्या पहिल्या बायका या दोघी.

युजेनीच्या ताटात नवलाईचं काही नव्हतं. कोंबडी तीच, भाज्या त्याच. ताऱ्यांनी मोजला तो तिचा माल, तिचा हात आणि रोजचा सारखेपणा. शहराचे महापौर एदुआर एरियो तिचे नेहमीचे गिऱ्हाईक होते.

दुसऱ्या महायुद्धात अन्नाचं रेशनिंग आलं. नियम मोडल्याबद्दल तिला दंड झाला आणि आठवडाभर तुरुंगातही जावं लागलं. युद्धानंतर शहरातली खाणावळ मुलगा गास्तों बघू लागला आणि ती डोंगरावर राहिली. तिथे १९४६ च्या सुमारास पॉल बोक्यूज नावाचा एक तरुण शिकायला आला. तिने त्याला थेट चुलीपाशी उभं केलं नाही. गाईचं दूध काढ, बागेत काम कर, कपडे धू, मग स्वयंपाक. हाच बोक्यूज पुढे फ्रान्सचा सगळ्यात प्रसिद्ध आचारी झाला. फ्रान्स सरकारचा मोठा सन्मान तिला देऊ केला, तो तिने घेतला नाही. स्वयंपाक नीट केला म्हणून पदक कशाला, असं तिचं मत होतं. २ मार्च १९७७ रोजी ती वारली.

आणि आता या इतिहासातला बोचणारा भाग. १९९८ साली आलाँ द्युकास या आचाऱ्याच्या दोन हॉटेलांना मिळून सहा तारे झाले. वर्तमानपत्रांनी लिहिलं की हे पहिल्यांदाच घडलं. पहिल्यांदा ते घडलं होतं ६५ वर्षं आधी, एका बाईच्या हातून. नोंद त्याच मिशेलिनच्या जुन्या पुस्तकात छापलेली होती. नंतर कुणीतरी आठवण करून दिली, तेव्हा चूक लक्षात आली.

एवढी मोठी गोष्ट विसरली कशी जाते? एक कारण मला असं दिसतं. पुरुषाने स्वयंपाक केला की लोक त्याला कला म्हणतात, विद्या म्हणतात, त्याचं नाव पाटीवर लावतात. बाईने केला की म्हणतात, आईच्या हाताची चव. ऐकायला गोड वाटतं. पण त्यात तिचं शिकणं, तिचं मोजमाप, माल परत पाठवण्याची तिची धमक, हे सगळं पुसलं जातं. 'आई' या शब्दामागे तिचं नाव हरवतं. मेर मंडळींची पिढी संपत आली तशी मोठी स्वयंपाकघरं पुरुषांकडे गेली. २००७ साली आन-सोफी पिक या बाईला तीन तारे मिळाले, तेव्हा फ्रान्समध्ये त्याआधीच्या पन्नासहून अधिक वर्षांत ते कुठल्याही बाईला मिळालेले नव्हते.

आपल्याकडेही अशा मावशा होत्या. मुंबईच्या गिरणगावात कोकणातून आणि घाटावरून आलेले हजारो कामगार घरदार गावी ठेवून राहायचे आणि बायकांनी चालवलेल्या खाणावळीत महिन्याच्या हिशेबाने जेवायचे. एका खोलीत चूल, तिथेच संसार, तिथेच पंगत. संपात पगार थांबला तरी या बायकांनी उधारीवर जेवण घातलं आणि त्यासाठी स्वतः सावकाराचं कर्ज काढलं. १९७५ साली प्रेमा पुरव यांनी या बायकांना एकत्र करून अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं आणि त्यांना बँकेची दारं उघडून दिली. बँकेच्या कागदावर नाव लागलं, तेव्हा कुठे त्या धंदा करणाऱ्या बायका म्हणून मोजल्या गेल्या. त्यांच्या हातच्या जेवणाला तारे द्यायला कुणी आलं नाही. पुढच्या महिन्यात कामगार परत जेवायला यायचा, हाच त्यांचा निकाल.

मैत्रिणींनो, आपले गट चटण्या करतात, मसाले कुटतात, मेळाव्यात पिठलं-भाकरीचा स्टॉल लावतात, सभांना जेवण पुरवतात. लोक खाऊन म्हणतात, छान झालंय. पुढच्या बैठकीत एक करून बघा. पाच घरची शेंगदाण्याची चटणी पाच सारख्या वाट्यांत ठेवा. वाटीखाली चिठ्ठीवर आकडा लिहा, नाव नको. प्रत्येकीने आधी रंग बघायचा, मग वास घ्यायचा, मग चव घ्यायची. नुसतं छान किंवा बरी असं म्हणायचं नाही. दाणे किती भाजलेत, लसूण पुढे येतोय का, तिखट नंतर जाणवतं की लगेच, ते सांगायचं. सगळ्यांचं बोलून झालं की चिठ्ठ्या उघडायच्या. जिची चटणी सरस ठरेल, तिचं प्रमाण वजन करून वहीत लिहायचं. महिन्याने पुन्हा तसंच करून तीच चव येते का बघायचं.

आणि वहीत प्रमाणाशेजारी तारीख लिहा आणि त्या बाईचं पूर्ण नाव लिहा. अमक्याची आई, तमक्याची सून असं लिहू नका. युजेनी ब्राझिएचं नाव पुस्तकात छापलेलं होतं, म्हणूनच ६५ वर्षांनी का होईना, कुणाला तरी ते शोधून दाखवता आलं.

आजच्यापुरतं एवढंच. पुन्हा भेटू. नमस्कार.